चालत निघालेल्या वडिलांना पिकअपने उडवलं, मालक चाळीस हजारात मिटवा म्हणतोय, सही करायची का?

ताई, सगळ्यात आधी एवढंच, त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. वडिलांचा अंगठा पण नको, भावाची साक्षीदार म्हणून सही पण नको. बाकीचं नंतर निवांत वाचा.

तुम्ही कळवलंय ते मी एकदा परत मांडते, म्हणजे माझी काही चूक होत असेल तर तुम्हाला दिसेल. वडील ५८ वर्षांचे, भाजी विकतात. पहाटे साडेपाचला मार्केट यार्डाकडे चालत निघालेले, त्या रस्त्याला फुटपाथच नाही म्हणून डांबराच्या कडेकडेने चालत होते, मागून पिकअप आला आणि उडवलं. उजव्या मांडीचं हाड आणि नडगी दोन्ही मोडलं, रॉड टाकलाय, २ लाख १० हजार खर्च झाला त्यातले निम्मे उसनवारीचे. पाच आठवडे होऊन गेले, पोलिसांनी दवाखान्यात येऊन जबाब घेतला पण गुन्हा अजून दाखल नाही, दोघांनी बसून मिटवा म्हणतायत. गाडीमालक ओळखीतला आहे, चाळीस हजार देतो म्हणतो आणि त्या बदल्यात 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून मागतो. आणि भाऊ म्हणतो की तोही गरीबच आहे, त्याला कशाला कोर्टात ओढायचं.

भावाचं म्हणणं मनापासूनचं आहे, मला ते कळतं, पण त्यात एक मोठा गैरसमज आहे आणि २३ वर्षं मी वकील म्हणून सातारा-सांगली भागात क्लेमच्याच, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या केसेस चालवते तर हा गैरसमज मला दर आठवड्याला भेटतो. गाडीचा विमा चालू असेल तर हे पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, विमा कंपनी देते. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो नेमका यासाठीच. थर्ड पार्टी म्हणजे तुमचे वडील, रस्त्यावरून चालणारा माणूस, ज्याचा त्या गाडीशी काही संबंध नव्हता. जखमी झालेल्या किंवा गेलेल्या माणसासाठी त्या विम्याला रकमेची वरची मर्यादा नाही. म्हणजे मालक दरवर्षी जो हप्ता भरतो तो तुमच्या वडिलांसारख्या माणसासाठीच भरतो, आणि तरी तो चाळीस हजार स्वतःच्या खिशातून द्यायला निघालाय, कारण त्याला पोलीस केस नकोय आणि गाडी ठाण्यात अडकायला नकोय. त्याला शांतपणे सांगा की दादा तुझ्यावर राग नाही, आम्ही विमा कंपनीकडून घेतो, तू फक्त पॉलिसीची आणि लायसन्सची झेरॉक्स दे. कितीतरी मालक हे ऐकल्यावर नरम पडतात, काही तर स्वतः येऊन कागद देतात. नाही दिले तरी अडत नाही, गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका, विमा कुठल्या तारखेपर्यंत आहे ते दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

आता पोलीस. बेदरकार गाडी चालवून माणसाला जखमी करणं हा दखलपात्र गुन्हा आहे (भारतीय न्याय संहिता, कलम २८१ आणि १२५), हाड मोडलं म्हणजे कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापतच, आणि बेदरकार चालवण्याचा गुन्हा ठाण्यात खुर्च्या टाकून मिटवायची सोय कायद्यात नाही. लेखी फिर्याद द्या, दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. घेतली नाही तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलेलंच आहे, आणि माझा अनुभव असा की अधीक्षक ऑफिसचा शिक्का लागून कागद खाली आला की बऱ्याचदा चार दिवसात गुन्हा दाखल होतो. उशीर झाला म्हणून घाबरू नका. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच रवी विरुद्ध बद्रीनारायण या केसमध्ये सांगितलंय की अपघात झाल्यावर माणूस आधी जखमीला वाचवायला धावतो, ठाण्यात नाही, त्यामुळे नुसता फिर्यादीला उशीर झाला म्हणून क्लेम खोटा ठरत नाही. पण उशीर का झाला हे फिर्यादीतच लिहा, की अमुक तारखेपर्यंत वडील ॲडमिट होते, ठाण्यात अमुक दिवशी गेलो, असं असं सांगितलं गेलं. तारखा घालून. नंतर कोर्टात सांगितलेलं आणि आधी लिहिलेलं यात फार फरक पडतो.

आणि आजच, म्हणजे खरंच आजच, दवाखान्यात जाऊन ॲडमिट केलं त्या वेळचे केसपेपर मागा. डिस्चार्ज कार्ड नाही, पहिला कागद. त्यावर अपघाताची हकीकत डॉक्टरांनी काय लिहिलीय ते वाचा. हे मी इतक्या कळकळीने सांगते त्याला कारण आहे. माझ्याकडे एक बाई होत्या, दूध घालायला निघालेल्या, मोटारसायकलने धडक दिली, खुब्याचं हाड गेलं. त्यांना घेऊन जाणाऱ्या शेजाऱ्याला वाटलं की पोलिसांची भानगड नको, त्याने सांगितलं घसरून पडल्या, आणि दवाखान्याने तेच लिहिलं, पोलिसांना एमएलसीची वर्दी (अपघाताचा पेशंट आलाय अशी दवाखान्याने द्यायची खबर) गेलीच नाही. गुन्हा तीन आठवड्यांनी दाखल झाला. विमा कंपनीच्या वकिलाने उलटतपासात तो एकच कागद पुढे केला. धडक बघणारा साक्षीदार होता, तो कोर्टात आला नाही. आम्ही हरलो. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो, त्या खोटं बोलत नव्हत्या आणि ते सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या कागदावर असं काही चुकीचं लिहिलं असेल तर डॉक्टरांना लेखी अर्ज द्या, ज्याने ॲडमिट करताना सांगितलं त्याचा जबाब पोलिसांना नोंदवायला सांगा. बरोबर लिहिलं असेल, 'पिकअपची धडक', तर तो कागद सोन्यासारखा जपा.

सीसीटीव्ही. कोपऱ्यावरच्या दुकानाचं, पेट्रोल पंपाचं, यार्डाच्या गेटचं. बहुतेक ठिकाणी काही दिवसात जुनं फुटेज पुसून नवं चढतं, पाच आठवड्यांनी मिळणं कठीण आहे, पण विचारून बघा. कोणी मोबाईलवर घेतलं असेल, कोणाच्या ग्रुपवर आलं असेल, तेही चालेल, फक्त मूळ फाईल ज्याच्या फोनवर आहे त्याला डिलीट करू नको म्हणावं.

घटनास्थळाच्या पंचनाम्याच्या वेळी घरचं कोणीतरी तिथे हजर राहा, कारण विमा कंपनी पुढे जाऊन हमखास म्हणणार की म्हातारा रस्त्याच्या मधोमध चालत होता, अंधार होता, त्याचीच चूक. चालणाऱ्या माणसावर हा आरोप इतका सवयीने केला जातो की ऐकून संताप येतो. फुटपाथ नाही तर माणसाने चालायचं कुठून? २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने चालण्यायोग्य फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलंय, पण आपल्या तालुक्याच्या रस्त्यांवर तो हक्क कागदावरच आहे, त्यामुळे तुम्हाला पंचनाम्यात दिसलं पाहिजे की तिथे फुटपाथ नाही, साईडपट्टी खचलेली आहे, वडील डांबराच्या कडेपासून किती फुटांवर पडले होते, ब्रेकच्या खुणा होत्या का, दिव्याचे खांब आहेत का आणि चालू आहेत का. आता खुणा नसतील पण बाकीचं सगळं जागेवर आहे, तुम्ही स्वतः फोटो काढा, पहाटे साडेपाचचे पण काढा. मागून धडक बसलीय ही तुमची जमेची बाजू आहे. आणि हे पण लक्षात ठेवा, क्लेममध्ये फौजदारी केससारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, काय घडलं असण्याची शक्यता जास्त एवढंच ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताच्या भरपाईचं कोर्ट, बघतं. ड्रायव्हर फौजदारीत सुटला तरी क्लेम बुडत नाही.

गुन्हा दाखल झाला की पोलिसांवर आणखी एक जबाबदारी येते जी बऱ्याच घरांना माहीतच नसते. २०२२ पासूनच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासात ट्रिब्युनलला आणि विमा कंपनीला कळवायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसात द्यायचा असतो, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोहर मोहम्मद केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे नीट पाळा म्हणून सगळ्या राज्यांना बजावलंय. तो अहवालच क्लेमचा अर्ज म्हणून धरता येतो. पण तुम्ही त्याच्यावर विसंबून राहू नका, स्वतःचा अर्ज वेगळा घाला, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून आलीय, तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने मुदत गेली एवढ्याच कारणावर अर्ज फेटाळू नका असं अंतरिम सांगितलंय, पण अंतरिम ते अंतरिमच, तुमच्याकडे अजून साडेचार महिने हातात आहेत तर त्यात घाला ना. आणि अर्ज अपघात झाला तिथेच घालायला पाहिजे असं नाही, वडील राहतात त्या जिल्ह्यात पण घालता येतो.

एक सावधगिरी. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. कंपनीचा माणूस घरी येऊन सांगेल की हे घ्या आणि मोकळे व्हा, आणि उसनवारीचा तगादा मागे असताना अडीच लाख म्हणजे देव पावल्यासारखं वाटतं. पण ते स्वीकारलं की १६६ चा दावा संपतो. ज्यांच्याकडे पुरावा काहीच नाही त्यांच्यासाठी ही सोय चांगली आहे, मी स्वतः काही लोकांना घ्या म्हणून सांगितलंय, तुमच्या बाबतीत मात्र घाई नको. का ते आकड्यांनी सांगते.

कमाई आधी. भाजीवाल्याची कमाई किती, याचा कागद नसतो असं सगळे म्हणतात आणि मग ट्रिब्युनल किमान वेतनाच्या आसपास काहीतरी अंदाज धरतं. पण कागद असतात, फक्त कोणी त्यांना पुरावा म्हणून बघत नाही. अडत्याच्या पट्ट्या, रोज सकाळी माल उचलल्याच्या. नगरपालिकेची बाजार कराची पावती. पिग्मी! तुमचे वडील रोज पिग्मी भरतात का? भरत असतील तर ते पासबुक म्हणजे माणूस रोज धंदा करत होता याचा इतका साधा आणि पक्का पुरावा की मी कुठल्याही भाजीवाल्याला, टपरीवाल्याला पहिला प्रश्न तोच विचारते. पतसंस्थेच्या एजंटलाही साक्षीला बोलावता येतं. क्यूआर कोड लावला असेल तर बँकेचं सहा-सात महिन्यांचं स्टेटमेंट. स्वनिधीचं (फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी योजनेचं) कर्ज घेतलं असेल तर त्याचे कागद. अपघातानंतर हे सगळं कसं थांबलं तेही त्याच कागदातून दिसतं.

समजा महिना १५ हजार सिद्ध झाले. वर्षाचे १ लाख ८० हजार. स्वतःचा धंदा असलेल्या ५० ते ६० वयाच्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे १० टक्के धरायचे हे प्रणय सेठी केसमध्ये २०१७ साली ठरलंय, आणि जखमींच्या केसमध्येही ते धरायचं हे २०२० मध्ये स्पष्ट झालंय. म्हणजे १ लाख ९८ हजार. वयाप्रमाणे गुणक असतो, सरला वर्मा केसचा तक्ता, ५६ ते ६० ला ९. गुणले की १७ लाख ८२ हजार. आता यातले किती टक्के, हा खरा झगडा.

इथे बहुतेक लोक गंडतात, आणि खरं सांगायचं तर नवीन वकीलही गंडतात. सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट पायाचे टक्के सांगतं. पायाचे टक्के म्हणजे सगळ्या शरीराचे टक्के नाहीत, आणि शरीराचे टक्के म्हणजे कमाईच्या नुकसानाचे टक्के नाहीत. राज कुमार विरुद्ध अजय कुमार, २०१०, त्यात सुप्रीम कोर्टाने डावा हात गेलेल्या माणसाचं उदाहरण दिलंय, तो ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याचं पोट पूर्णच गेलं, क्लार्क असेल तर नोकरी टिकूही शकते. दुखापत तीच, नुकसान वेगळं. तुमचे वडील पहाटे चालत यार्डात जातात, क्रेट उचलतात, दिवसभर उकिडवं बसून किंवा उभं राहून विकतात. पाय आखूड झाला, गुडघा पूर्ण वाकत नाही, तर यातलं काय काय बंद झालं ते डॉक्टरांच्या तोंडून रेकॉर्डवर आलं पाहिजे. नुसतं सर्टिफिकेट फाईलला लावून भागत नाही, ज्यांनी ऑपरेशन केलं किंवा तपासलं त्या डॉक्टरांना साक्षीला आणावं लागतं, डॉक्टरांना वेळ नसतो, येत नाहीत, समन्स काढा, फी भरा, पण आणा. कमाईचं नुकसान २५ टक्के धरलं तर साडेचार लाखाच्या आत, ४० टक्के धरलं तर ७ लाख १२ हजार, ६० टक्के धरलं तर १० लाख ६९ हजार. एका साक्षीने एवढा फरक पडतो.

हे सगळं उपचाराच्या खर्चाशिवाय. त्याची मूळ बिलं, औषधांच्या पावत्या, रिक्षा-ॲम्ब्युलन्सचे पैसे, फिजिओथेरपी, पुढे रॉड काढायचं ऑपरेशन करावं लागणार असेल तर डॉक्टरांचं अंदाजपत्रक, हे वेगळं. झोपून होते त्या महिन्यांची बुडालेली कमाई वेगळी. वेदना आणि त्रासाचे वेगळे. आणि तुम्ही बिनपगारी रजा काढून हे पाच आठवडे त्यांचं केलंत ना, त्याचेही. घरच्या माणसाने केलं म्हणून सेवा फुकट ठरत नाही, हे अर्जात लिहा, आयाबाया हे कधीच लिहून घेत नाहीत, आमचंच माणूस आहे म्हणतात. बिलातला काही भाग मेडिक्लेममधून मिळाला असेल तर लपवू नका, मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही. या सगळ्या भरपाईवर अर्ज केल्या तारखेपासून व्याज मागता येतं.

विमा संपलेला निघाला तर? मग मालकावरच जबाबदारी येते, नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर, गाडी तोंडी विकली होती ही सबब चालत नाही. अशा वेळी पहिला अर्ज हा द्यायचा की पुरेसं तारण दिल्याशिवाय गाडी सोडू नका, कारण गाडी एकदा बाहेर गेली की वसुलीला हातात काही राहत नाही. ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं असं निघालं तर मात्र एवढं घाबरायचं कारण नाही, अशा बऱ्याच केसेसमध्ये कंपनीने आधी जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं असा आदेश होतो. आणि गाडी सापडलीच नाही अशी वेळ कोणावर आली असेल तर त्याची वाट वेगळी, तिथे ट्रिब्युनल नाही, तहसीलदार किंवा प्रांताकडे अर्ज करायचा, मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात.

कुठे अपघात ताजा असेल तर एक माहिती जवळ असू दे, मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत. तुमच्या वेळी हे कोणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

वकिलाची फी. दवाखान्याच्या दारातच कोणी भेटला असेल, 'काही देऊ नका, मिळतील त्यातले तीस टक्के घेऊ' म्हणणारा, तर त्याला नाही म्हणा. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांनीच वकिलाला बंद आहे. फी आकड्यात ठरवा, पावती घ्या, कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या कागदावर सही देऊ नका, आणि बँक खातं वडिलांच्या एकट्याच्या नावावर ठेवा, पैसे थेट तिथेच येतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, १५१०० वर फोन पण करता येतो. वर्षाचं उत्पन्न ३ लाखाच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो, बाईमाणसाला आणि लहान मुलांना तर उत्पन्नाची अटच नाही. मोफत वकील म्हणजे हलका वकील नव्हे, आमच्या कोर्टात फार चांगले लोक पॅनेलवर आहेत.

लोकअदालतीत मिटवायचं का असं पुढे विचारलं जाईल. मिटवायला हरकत नाही, पैसे लवकर येतात, पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून अपंगत्वाचं सर्टिफिकेट हातात येण्याआधी आकडा बोलूच नका. हाड जुळायला अजून कित्येक महिने आहेत, पाय शेवटी कसा राहतो हे आज कोणालाच सांगता येणार नाही. ट्रिब्युनलचा निकाल पटला नाही तर ९० दिवसात हायकोर्टात अपील करता येतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून साताऱ्या-सांगलीची अपिलं कोल्हापूर बेंचला चालतात, मुंबईच्या खेपा वाचल्या.

वडिलांना कोर्टात यावं लागेल का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. एकदा यावं लागेल, साक्षीला. सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर असते, म्हणजे घरी लिहून वाचून सही, नंतर कंपनीचे वकील अर्धा-पाऊण तास प्रश्न विचारतात. चालताच येत नसेल तर कोर्ट कमिशनर नेमून घरी जबाब घेता येतो, तसा अर्ज मी कितीदा केलाय. त्यांना आत्ता फक्त इतकंच सांगा की काय घडलं ते जसं आठवतं तसंच सांगायचं, जे आठवत नाही त्याला 'आठवत नाही' म्हणायचं. सोमवारी पहिले केसपेपर, पिग्मीचं पासबुक आणि फिर्यादीची पोच असं घेऊन जवळच्या वकिलाकडे जा.